यवतमाळी पिस्तुलाचे सहा मार्क

जुन्या लष्करी पिस्तुलांचा शौक लागलेल्या माणसापुढं दोन सारख्या वस्तू ठेवल्या, तर तो आधी त्यांच्यातला फरक शोधतो आणि मग चहाला हात लावतो. वेब्ली या इंग्लिश कंपनीचं .४५५ बोअरचं रिव्हॉल्व्हरच घ्या. ब्रिटिश फौजेनं ते १८८७ साली स्वीकारलं, तो मार्क एक. पुढं १९१५ पर्यंत त्याचे आणखी पाच मार्क निघाले. तुमच्या-माझ्या डोळ्यांना सहाही भावंडं जुळी: मधोमध मोडून उघडणारी, सहा गोळ्यांची चकरी असलेली, मनगट अवघडवणारी वजनदार रिव्हॉल्व्हरं. शौकिनाला मात्र पहिल्या पाचांचा दस्ता गोलसर वळलेला आणि सहाव्याचा चौकोनी दिसतो. मार्क पाचची चकरी मार्क चारपेक्षा किंचित जाड आहे, हे तो अंधारात बोट फिरवून सांगतो. बदल अगदीच किरकोळ असला, नव्या मार्काच्या लायकीचा नसला, तर इंग्रज जुन्याच मार्कापुढं एक तारा काढायचे. तो ताराही याला पाठ. स्वतःच्या मामेभावांच्या नावांत मात्र हा हमखास गोंधळतो.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ही विद्या उलटी चालते. इथं पिस्तूल एकच असतं आणि मार्क सहा निघतात. मार्क कोणता ते लोखंडावर कोरलेलं नसतं. समोर कोण बसलंय त्यावर ठरतं.

पुराव्यादाखल दारव्हा तालुक्यातलं, माझ्या मावशीच्या घरचं पिस्तूल घेऊ. ते जिन्याखालच्या लाकडी पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं असतं. एकनळी, ठासणीचं, टोपीवर उडणारं. नळीचं तोंड .६५ इंच, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर; लहानपणी आम्ही भावंडं त्यात बोट घालायचो आणि मोठ्यांच्या शिव्या खायचो. नळीखाली बार ठासायचा गज आहे आणि तो एका हलत्या कडीनं नळीला कायमचा जखडलेला आहे. घरच्यांच्या मते ती कडी पिस्तूल खुंटीला टांगायला दिलेली. मुळात ती घोडेस्वाराची सोय. धावत्या घोड्यावर बार भरताना गज हातातून निसटला तर उरलेल्या लढाईत पिस्तूल फेकून मारण्यापलीकडं काही करता येत नाही, म्हणून तो बांधून ठेवलेला. दस्त्याच्या बुडाशी पितळेचं आवरण. बाजूच्या लोखंडी पट्टीवर मागच्या दोन पायांवर उभा असलेला सिंह, त्याच्या पुढच्या पंजांत मुकुट. सिंहाच्या शेजारी सालाचे आकडे: एक, आठ, आणि पुढं सगळं गुळगुळीत.

हा सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. १८०८ पूर्वी कंपनी आपल्या शस्त्रांवर चार खणांचं बदाम आणि त्यात आपली आद्याक्षरं उमटवायची. त्यानंतर हा मुकुटवाला सिंह आला. १८५३ च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभारात गेलं आणि पाचच वर्षांत कंपनीचा कारभार राणीकडं गेला. त्या आगेमागे कुण्या स्वाराच्या कमरेवरून हे पिस्तूल इकडं आलं असावं. जाणकार माणूस एवढं बोलून थांबेल. आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, इथून सुरू होतात.

मार्क एक, बैठकी. पाहुणा टेकला, पाणी झालं, की काका आत हाक मारतात, "आना बरं ते." फडकं सुटतं. काका पिस्तूल दोन्ही हातांवर आडवं धरतात आणि सांगतात, "सन अठराशे अठरा. पांढरकवड्याची लढाई. माह्या खापरपणज्यानं याच पिस्तुलानं गोऱ्याले घोड्यावरून खाली पाडलं. एका गोयीत."

लढाई खरी आहे. एप्रिल १८१८ मध्ये पळतीवर असलेल्या दुसऱ्या बाजीरावाला कर्नल ॲडम्सनं पांढरकवड्याजवळ गाठलं आणि पेशव्याच्या उरल्यासुरल्या फौजेची दाणादाण उडाली. पट्टीवर अठरा आहेच. पुढचे दोन आकडे पुसलेले, म्हणून तिथं काकांनी आणखी एक अठरा बसवला. अडचण टोपीची आहे. १८१८ साली कंपनीचे स्वार चकमकीची पिस्तुलं वापरत: घोड्याच्या जबड्यात गारगोटी, समोर पोलाद, खाली रंजक. या रंजकाचा भपका दिसला की पाखरं उडून जातात म्हणून वैतागलेल्या फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्यानं आघातानं पेटणाऱ्या दारूचं पेटंट १८०७ साली घेतलं. पण त्यातून तांब्याची टोपी निघून ती ब्रिटिश फौजेच्या गळी उतरायला १८४० च्या आसपासचं साल उजाडलं. म्हणजे या पिस्तुलानं गोरा पाडायचा, तर खापरपणजोबांनी निदान वीस-बावीस वर्षं दबा धरून बसायला हवं होतं. गोऱ्यानंही तेवढा वेळ घोड्यावर बसून राहायला हवं होतं.

एका पाहुण्यानं बिनतोड शंका काढली. पिस्तूल कंपनीचं; मग ते पेशव्याच्या बाजूनं लढणाऱ्या माणसाच्या हाती आलं कसं? काकांची पापणी लवली नाही. "हिसकलं ना बाप्पा गोऱ्याजवळून. त्याच्याच पिस्तुलानं त्यालेच." पाहुण्यानं दुसरा चहा घेतला.

याच मार्काची एक तारांकित आवृत्ती आहे. पाहुणा खादीतला असला की खापरपणजोबा मागं राहतात आणि पिस्तूल १९३० च्या जंगल सत्याग्रहात हजर होतं. १० जुलै १९३० ला पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला, हे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या लढ्यातलं हत्यार होतं विळा. काकांच्या घरी त्या काळचे तीन-चार विळे अजून आहेत, पण ते कुणी पाहुण्याला दाखवत नाही. ते गोठ्यात, कडब्याच्या कुट्टीला.

मार्क दोन, खंडेनवमी. या दिवशी पिस्तूल इतिहासातून उठून देवघरापुढच्या पाटावर जातं. विळा, कुऱ्हाड, वखराची पास, फवारणीचा पंप, मोटारसायकलची किल्ली आणि अलीकडं नातवाचा लॅपटॉप, अशा पंगतीत ते बसतं. त्याआधी त्याची आंघोळ. मावशी पितळ चिंचेनं आणि राखेनं घासते, लोखंडावर पॉलिश पेपर मारते, शेवटी खोबरेल लावते. हे दृश्य एखाद्या संग्राहकाला दाखवलं तर त्याला दवाखान्यात न्यावं लागेल. त्याच्या धंद्यातला पहिला नियम, जुन्या शस्त्राला घासू नये. लोखंडावर दीडशे वर्षांत चढलेला तपकिरी थर, लाकडावरचा हातांचा घाम, तपासनिसानं ठोकलेला चिमुकला मुकुट, हे जेवढं शाबूत तेवढी किंमत जास्त. हे मी मावशीला समजावून पाहिलं. ती म्हणाली, "गंजाले थर म्हटलं म्हणून तो थर होते काय?" पट्टीवरचे शेवटचे दोन आकडे कुठं गेले असा प्रश्न मला पुन्हा पडला नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या खंडेनवम्यांनी नेले. काकांच्या आईनं जरा आळस केला असता तर पिस्तुलाचं खरं साल आज वाचता आलं असतं आणि काकांचा गोरा वाचला असता.

सिंहाचा मात्र कुणाला संशय आला नाही. तो देवीचं वाहन. पंजातला मुकुट अर्थातच देवीचा, धुवायला दिलेला. दर नवमीला त्याच्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल पडतं. ज्या कंपनीनं वऱ्हाड घेतलं, तिच्या शिक्क्याची पूजा वऱ्हाडातच इमानेइतबारे चालू आहे. कंपनी १८७४ मध्ये कायमची विसर्जित झाली. तिच्या भागधारकांचीही एवढी आरती कुणी ओवाळली नसेल.

मार्क तीन, वाटणी. काका आणि त्यांचे धाकटे बंधू वेगळे निघाले तेव्हा पिस्तुलाची जात बदलली. एका बाजूला ओलिताचं वावर, विहीर, गोठा. दुसऱ्या बाजूला कोरडवाहू वावर आणि वाड्याची पडकी बाजू. तराजू बसेना, म्हणून पंचांपैकी कुणीतरी पिस्तूल टाकायचं सुचवलं. काका म्हणाले, "लाखाच्या खाली नाही जात ते. धाकट्यानं घ्यावं, विहीर सोडावी." धाकट्यानं विचारलं, "त्यानं मोटर चालते काय?" मग धाकट्यानं तेच पिस्तूल काकांच्या वाट्याला ढकलायचं ठरवलं; त्यासरशी ते लाखाचं झालं आणि काकांच्या तोंडून प्रथमच शब्द निघाले की, तसं पाहिलं तर त्याचं स्प्रिंग गेलेलं आहे. लिलावात वस्तूची किंमत घेणारा वाढवतो. वाटणीत देणारा वाढवतो. दुपारपर्यंत पिस्तूल चार वेळा पाच लाखांचं आणि चार वेळा भंगाराचं झालं. शेवटी ते थोरल्याकडं राहिलं. गोष्ट मात्र दोघांच्या सातबाऱ्यावर चढली. धाकट्यांच्या बैठकीत हल्ली ती जास्त रंगते, कारण तिथं दाखवायला पिस्तूल नसल्यामुळं कुणी टोपी तपासत नाही.

मार्क चार, ठाणे. इथं यवतमाळी पिस्तुलाचा सगळ्यांत दुर्मिळ नमुना पाहायला मिळतो. घरात एका गोळीत गोरा पाडणारं हत्यार पोलीस ठाण्याचा उंबरा ओलांडताच डास मारायच्या लायकीचं राहत नाही. दोष काकांचा नाही, कायद्याचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ सांगतं की, शस्त्र कालबाह्य घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं असेल आणि दुरुस्त न करता किंवा करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसेल, तर त्याला हा कायदा लागू नाही. सगळी मेख त्या "करूनही"त आहे. पिस्तूल नुसतं मेलेलं असून भागत नाही. ते पुन्हा जिवंत होणार नाही याची खात्री सरकारला हवी.

काकांनी अर्ज लिहिला. मी तो स्वतः वाचला आहे. "सदर वस्तू मोडकी व गंजलेली असून तिच्यापासून आजतागायत कोणासही इजा झालेली नाही." त्या एका वाक्यात पांढरकवड्याचा गोरा उठून घोड्यावर बसला आणि निघून गेला. ठाण्यातल्या हवालदारानं पिस्तूल उचललं, अंगठ्यानं घोडा मागं ओढला. घोडा म्हाताऱ्याच्या मानेगत लुळा, सोडला तरी तिथंच. ज्या बोंडीवर टोपी बसते, ती बुडापासून तुटलेली. चाप ओढला, काहीच झालं नाही. "दुरुस्त होईल का?" त्यानं विचारलं. काकांच्या चेहऱ्यावर दोन काका भांडताना दिसले. एकाला सांगायचं होतं की असं कोणतं हत्यार आहे जे आमच्या घरचा माणूस दुरुस्त करू शकत नाही. दुसऱ्याला घरी जायचं होतं. "नाही जी," दुसरे काका म्हणाले, "सात जन्मांत नाही." हवालदारानं कागद पुढं पाठवला.

खरा घाव पुढं बसला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्र जमा करायची नोटीस येते. गावातल्या पाटलांना त्यांच्या बारा बोअरसाठी आली, काकांना आली नाही. ज्या घरानं गोरा पाडला त्या घराची सरकारला भीती वाटू नये, हे काकांना चार दिवस सहन झालं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आपनच नेऊन जमा केलं तर पावती देतीन काय?"

मार्क पाच, बाजार. जुन्या वस्तू विकत घेत हिंडणारा एक व्यापारी गावात आला. त्यानं गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली, मान डोलावली आणि हळूच म्हणाला, "काका, टोपी काढून गारगोटीचं करून देऊ? मग १८१८ चं चालेल." म्हणजे त्याला सगळं कळत होतं. या धंद्यात ही जुनी कारागिरी आहे. एकोणिसाव्या शतकात चकमकीची हजारो पिस्तुलं टोपीची करून घेतली गेली. रंजकाची तबकडी काढली, भोकं बुजवली, बोंडी बसवली. आज चकमकीला भाव जास्त, म्हणून बाजार त्याच पिस्तुलांना पुन्हा उलटं फिरवतो. जाणकार अशा वेळी पट्टी बघतो. खरंच रूपांतर झालेलं असलं तर बुजवलेल्या भोकांचे गोल डाग कितीही घासले तरी दिसतात. आमच्या पिस्तुलाच्या पट्टीवर असा एकही डाग नाही. ते जन्मानंच टोपीचं आहे.

नकली मालातही तालेवारी असते. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलचे कारागीर वेब्लीपासून मार्टिनी रायफलीपर्यंत सगळं हातानं घडवायचे. घडण अशी की बघत राहावं, फसायचे ते अक्षरांत. इंग्रजी येत नसल्यामुळं एखादं अक्षर उलटं पडायचं, कंपनीच्या नावात एखादं जास्तीचं शिरायचं. व्हिक्टोरिया राणी १९०१ साली वारली, पण दर्ऱ्याच्या शिक्क्यांत ती पुढंही काही वर्षं राज्य करत होती. मुंबईच्या चोरबाजारात पितळी नक्षीची पिस्तुलं मिळतात, त्यांना तर ओल्या मातीत पुरून किंवा आम्ल लावून वय आणलं जातं. इथं खरा उजेड पाडतो स्क्रू. मातीखाली महिनाभरात पिस्तूल म्हातारं होतं, पण स्क्रूच्या डोक्यावरची खाच यंत्रानं कापलेली, सरळ आणि तरणीच राहते. आमच्याकडचा शेतकरी कपाशीचं बोंड पाहून वाण ओळखतो आणि बियाण्याच्या थैलीवरची छपाई पाहून नकली माल परत करतो. त्याच नजरेनं त्यानं स्क्रू पाहिला तर चोरबाजारात त्याला कुणी फसवणार नाही. पण पिस्तूल दिसलं की तो स्क्रूकडं बघत नाही, पणजोबांकडं बघतो.

व्यापाऱ्याला काकांनी हाकलून दिलं. नकली करायला सांगतो म्हणून. परदेशी असलेल्या भाच्यानं फोनवर सांगितलं, तिकडं चांगले पैसे येतात, पुढच्या खेपेला बॅगेत घालून आणा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि विमानतळावर क्ष-किरणाच्या पडद्यावर ती दिसल्यावर काकांना पांढरकवड्याची गोष्ट किती वेगानं सांगावी लागेल, याचाही विचार भाच्यानं केला नव्हता.

मार्क सहा, वावर. काकांच्या मुलाला यातलं काहीच नको आहे. त्याची तूर फुलावर आली की रात्री रोही येतात, आणि हरभऱ्यात रानडुकरांचा कळप नांगरट करून जातो. तो रात्रभर जागलीवर बसतो. त्यानं पिस्तूल एकदाच हातात घेतलं आणि विचारलं, "याचा आवाज तरी होते का?" होत नाही म्हटल्यावर त्यानं ते फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब मोजायला घेतले. सहा मार्कांत हा एकटाच माणूस असा निघाला, ज्यानं पिस्तुलाला पिस्तूल म्हणून प्रश्न विचारला.

गंमत अशी की ज्या पिस्तुलाला खरोखर इतिहास असतो, ते बहुधा गप्प असतं. लाहोरला १७ डिसेंबर १९२८ रोजी पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. भगतसिंगांचं त्या वेळचं .३२ बोअरचं कोल्ट पिस्तूल पंजाबातून सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्र प्रशिक्षण शाळेत आलं आणि तिथं इतर शस्त्रांत वर्षानुवर्षं पडून राहिलं. गंज चढू नये म्हणून त्याच्यावर काळा रंग फासलेला होता. कुणी त्याची गोष्ट सांगत नव्हतं, कुणी त्याला हळदकुंकू वाहत नव्हतं. अलीकडं, २०१६-१७ च्या सुमारास, शोध घेणाऱ्यांनी रंग खरवडला तेव्हा खाली आकडे निघाले: १६८८९६. खटल्याच्या जुन्या कागदात तोच आकडा होता. एवढ्या मोठ्या पिस्तुलाची ओळख पटायला सहा आकडे पुरले. आमच्या घरी चार आकड्यांतले दोन घासून टाकले, म्हणून एवढं बोलावं लागतं.

हे मी काकांना सांगितलं आणि त्याच दमात सुचवलं की, पिस्तूल नागपूरच्या अजब बंगल्याला देऊन टाकू. १८६३ सालचं संग्रहालय, शस्त्रांचं दालन आहे, चार लोक बघतील. काकांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "पाटीवर काय लिहितीन?"

"टोपीचं घोडेस्वारी पिस्तूल. ईस्ट इंडिया कंपनी. एकोणिसाव्या शतकाचा मध्य."

"अन् गोरा?"

"गोरा नाही लिहिणार."

काकांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळलं, गाठ मारली आणि माझ्या पुढ्यात सरकवलं. "ने मंग. पिस्तूल त्याईले ठेवू दे. गोरा आपल्याच घरी राहीन."